फळ्यावरचं पाणी

बेलदऱ्याच्या वसंतराव गुरुजींचा आणि हिंमतराव आबांचा वाद नेमका कधी सुरू झाला, हे आता दोघांनाही सांगता आलं नसतं. गुंडप्पाच्या हॉटेलात रोज सकाळी आठला तो सुरू व्हायचा आणि साडेनऊला हिंमतरावांना शेतावर जायचं असायचं म्हणून थांबायचा. मिटायचा कधीच नाही. विषय एकच, माणूस मुळात कसा असतो?

गुरुजी म्हणायचे, मुळात चांगला असतो. त्याला भीती घातली, उपाशी ठेवलं, अंधारात ठेवलं की तो बिघडतो. नीट समजावून सांगा, विश्वास टाका, तो विश्वासाला जागतो. गुरुजी मूळचे तुळजापूरचे. गावच्या हायस्कुलात त्यांनी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं, आणि रिटायर झाल्यावर पत्नी शामलाबाईंसह इथंच राहिले. एका वर्षी त्यांनी दहावीच्या वर्गाची हजेरी घेणंच बंद केलं होतं. अर्धा वर्ग दुपारच्या एसटीनं सोलापूरला सिनेमाला गेला. हिंमतरावांनी ही गोष्ट पुढं वीस वर्षं पुरवून पुरवून वापरली. गुरुजींचं उत्तरही ठरलेलं असायचं, "अर्धा वर्ग अभ्यास करत बसला होता, तो का मोजत नाही तुम्ही?"

हिंमतराव चाळीस एकरांचे धनी, पूर्वी सतरा वर्षं गावचे सरपंच. त्यांच्या घरात मिठाच्या बरणीला सोडून सगळ्याला कुलूप. पाणपोईवरच्या स्टीलच्या पेल्याला साखळी त्यांनीच लावली होती. गुरुजींनी स्वतःच्या पैशांनी शेजारी बिनसाखळीचा पेला ठेवला, तो तिसऱ्या दिवशी गेला. गुरुजींनी दुसरा ठेवला. "कुणाला तरी गरज असेल," असं ते म्हणाले तेव्हा हिंमतराव इतके हसले की त्यांना चहाचा ठसका लागला.

"गुरुजी, माणूस वाईट हाय असं म्या म्हनत न्हाय," ते म्हणायचे. "माणूस कच्चा हाय. म्याबी कच्चा. म्हनून दावं लागतंय. बापजाद्यांनी जे नियम घातले ते काय येडे व्हते म्हनून न्हाय घातले, सोताला वळखून व्हते म्हनून घातले."

गावाला हे दोघं हवेच होते. भांडण लावायला हिंमतराव आणि मिटवायला गुरुजी, असं गावातली टवाळ पोरं म्हणायची. पण खरं तर एखादा दिवस गुरुजी आले नाहीत तर हिंमतराव चहा अर्धा टाकून उठायचे, आणि चिडचिड गुंडप्पावर काढायचे.

त्या वर्षी पाऊस पोळ्याला जो गेला तो परत फिरकलाच नाही. बेलदऱ्याला एकच आधार, गावापासून दीड मैलावरचा तलाव. तलावाच्या भिंतीखाली पिण्याच्या पाण्याची विहीर, तिच्यातून गावाला नळ. तलावात पाणी असलं तर विहिरीत, आणि विहिरीत असलं तर घागरीत. तलावाच्या काठाला अकरा जणांच्या मोटारी होत्या. कुणाची द्राक्षबाग, कुणाचा ऊस, कुणाची लिंबं.

जानेवारीत ग्रामसभा भरली. तालुक्याहून एक तरुण अधिकारी आला होता. त्यानं सरळ दोन वाटा सांगितल्या. एक तर तलावावरची वीज आजपासून तोडतो, अकराही मोटारी बंद, पाणी फक्त पिण्याला. नाहीतर गावानं आपली काही व्यवस्था लिहून द्यावी, पाणी जूनअखेर पुरेल याची हमी द्यावी, म्हणजे बेलदऱ्याचं नाव टँकरच्या यादीतून काढता येईल.

हिंमतराव पहिले उठले. सगळ्यात मोठी बाग त्यांची, चार एकर द्राक्षं, तलावाला खेटून.

"तोडा," ते म्हणाले. "पैली माझी तोडा."

कुणीतरी हसलं. हिंमतराव त्याच्याकडं न बघता अधिकाऱ्याला म्हणाले, "सायेब, माझा भरवसा धरू नगा. आज थंडी हाय, म्या शाना हाय. एप्रिलात बागंची छाटनी झाली आन पानं मान टाकाया लागली, मंग म्या काय करीन ते माझं मला सांगता येत न्हाय. माझी तोडा, ह्या समद्यांची तोडा, आन डीपीच्या पेटीला कुलूप घालून किल्ली तुमी घिऊन जावा."

गुरुजींना ते ऐकवेना. आपला मित्र चारचौघांत स्वतःला चोर म्हणवून घेतोय, याचं त्यांना खरोखर दुःख झालं. ते उठले. म्हणाले, "आबा, तुम्ही स्वतःला इतकं हलकं का धरता?" मग सभेकडं वळून ते अर्धा तास बोलले, आणि फार छान बोलले. आपण गुरं नाही, माणसं आहोत. चार एकर बाग वाळवून माणूस प्रामाणिक होत नाही, तो फक्त चिडतो. प्रत्येक मोटार रोज एक तास चालवू. तलावात फूट-इंचांची पट्टी रोवू. पाण्याची उंची रोज सकाळी गुंडप्पाच्या हॉटेलाबाहेर फळ्यावर लिहू. आज तलावात अकरा फूट आहे. आठवड्याला पाच इंच उतरलं तर जूनअखेरपर्यंत पुरतं, मी हिशेब केलाय. ज्याच्या डोळ्यांसमोर आकडा आहे तो स्वतःच्या पोरांच्या तोंडचं पाणी कसा पळवेल?

टाळ्या पडल्या. बायकाही वाजवत होत्या. अधिकाऱ्यानं कागद पुढं केला आणि गुरुजींनी आपल्या सुंदर अक्षरात लिहिलं, "तीस जूनपर्यंत पाणी पुरेल, टँकरची आवश्यकता भासणार नाही." खाली सध्याच्या सरपंचांची सही, आणि हमी घेणारा म्हणून त्यांची.

बाहेर पडताना हिंमतराव एवढंच म्हणाले, "गुरुजी, तुमी लई मोठं वझं उचललंत."

"मी नाही, गावानं उचललं," गुरुजी म्हणाले.

पहिले सात आठवडे गुरुजींच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे असावेत. भल्या सकाळी सायकल काढायची, तलावावर जायचं, पट्टी वाचायची, आठच्या आत फळ्यावर आकडा लिहायचा. गुंडप्पा तो आकडा मोठ्यानं वाचायचा आणि मगच चहाची किटली उचलायचा. आठवड्याला पाच इंच. कधी साडेचार. गुरुजी हिंमतरावांसमोर खडू नाचवत म्हणायचे, "काय आबा, माणूस कसा आहे?" हिंमतराव हसत म्हणायचे, "थंडी हाय गुरुजी. जरा ऊन येऊ द्या."

ऊन फेब्रुवारीतच आलं. आठव्या आठवड्यात पाणी आठ इंच उतरलं. गुरुजींना वाटलं, वाचण्यात चूक झाली. त्यांनी आकडा लिहिला आणि खाली दोन ओळी जोडल्या, "बंधूंनो, मर्यादा ओलांडली जात आहे. आपणच आपल्याला सावरू." त्या दिवशी हॉटेलात फळ्यासमोर उभे राहिलेले लोक चहा घाईघाईनं संपवून निघून गेले. पुढच्या आठवड्यात अकरा इंच गेलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात फूटभर.

गुरुजी पट्टीपाशी किती तरी वेळ बसून राहिले. अंकगणित त्यांना येत होतं, आणि आता दुसरंही काही दिसत होतं. ज्या दिवशी आकडा वाईट, त्याच्या दुसऱ्या दिवशी पाणी जास्त उतरतं. म्हणजे आकडा वाचून लोक थांबत नव्हते, घाई करत होते. दुसऱ्यानं ओढून घ्यायच्या आधी आपण ओढू, म्हणून.

इथं दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, चुकलं माझं, वीज तोडा. गुरुजींनी तसं केलं नाही. त्यांनी आपल्या विश्वासाला वाचवलं, आणि ते फार हुशारीनं वाचवलं. दोष माणसाचा नाही, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. दोष भीतीचा आहे. खरा आकडा वाचून लोक घाबरतात, घाबरले की ओरबाडतात. त्यांना दोन-चार आठवडे धीर मिळाला तर ती मुळात चांगली माणसं आपोआप ताळ्यावर येतील. पट्टीवर साडेपाच फूट होतं. गुरुजींनी फळ्यावर लिहिलं, सहा फूट एक इंच.

एकतीस वर्षं त्यांनी फळ्यावर एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं. आताही अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं. गुंडप्पानं वाचलं, "सा फूट एक इंच! उतार थांबला बगा." त्या दिवशी हॉटेलात पुन्हा गप्पा रंगल्या. आपण लोकांना धीर दिला, असं गुरुजींना वाटलं, आणि त्यांनी गुंडप्पाकडं आणखी एक चहा मागितला.

त्या अकरा मोटारवाल्यांना काही कळलं नसेल असं नाही. त्यांचे पाइप पाण्यात होते, त्यांना पाणी रोज दिसत होतं. पण फळ्यावरचा आकडा सोयीचा होता. कुणी विचारायला आलं तर त्यांना फळ्याकडं बोट दाखवता येत होतं. एकानंही विचारलं नाही की गुरुजी, हे सहा फूट कुठलं? गुरुजी वाट बघत होते, एक जण तरी विचारेल. कुणी विचारलं असतं तर त्यांनी सांगून टाकलं असतं, असं त्यांना पुढं कितीदा तरी वाटलं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात फळ्यावर चार फूट दहा इंच होतं आणि तलावात पावणेतीन फूट. त्याच दिवशी घरी आल्यावर गुरुजी शामलाबाईंना म्हणाले, "नळ आहे तोवर मागच्या पडवीतले ड्रम भरून घे. न्हाणीतला हौदही."

शामलाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"पाच फूट पाणी आहे म्हणता ना?"

"असू दे. भरून ठेव."

"आणि झाकणं लावू?"

शामलाबाईंनी सात ड्रम भरले, झाकणं लावली आणि वर जुनी चादर टाकली. चादर टाकायला गुरुजींनी सांगितलं नव्हतं. पण त्यांनी ती काढलीही नाही.

गावाच्या दक्षिणेला, तलावाच्या वाटेवर इरम्माचं पत्र्याचं घर. नवरा जाऊन दहा वर्षं झालेली, शेत नाही, दारात एक म्हैस. त्या म्हशीच्या दुधावर इरम्मा जगायची. सहा घरी रतीब, उरलेलं गुंडप्पाच्या हॉटेलात. आता म्हैस गाभण होती, जूनमध्ये व्यायची. इरम्माला वाचता येत नव्हतं, म्हणून ती रोज येऊन गुंडप्पाच्या तोंडून आकडा ऐकून जायची. एकदा तिनं गुरुजींना विचारलं होतं, "गुरुजी, काठ लई मागं गेल्यागत दिसतंय वो." गुरुजींनी तिला समजावलं होतं, तळाचा उतार सपाट आहे, थोडं पाणी उतरलं तरी काठ लांब जातो. यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं.

रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ विरुपाक्ष टेम्पो घेऊन आला. त्याचं गाव भीमेच्या काठी. तिथं नदीत अजून डोह होते, वैरण होती. वाटेतल्या दोन गावांतल्या नातेवाइकांची गुरं त्यानं आधीच चढवली होती, एका म्हशीपुरती जागा राखून ठेवली होती.

"चल आक्का, बांध दावं. पाऊस पडल्यावर आणून सोडतो."

इरम्मा घोटाळली. म्हैस गेली की रतीब तुटणार, तुटलेला रतीब परत जुळत नाही. आणि गाभण जनावर टेम्पोत हिंदकळणार. ती विरुपाक्षला तसंच थांबवून हॉटेलापाशी आली. गुरुजी नुकताच खडू खाली ठेवत होते.

"गुरुजी, भाऊ आलाय म्हस न्यायला. खरं सांगा, पानी पुरंल का?"

हॉटेलात सात-आठ जण होते. त्यातले तिघं मोटारवाले. सगळे गुरुजींकडं बघत होते. गुरुजींच्या मनात काय काय येऊन गेलं, ते सांगायला हवं. 'ने' म्हटलं तर इरम्माची म्हैस टेम्पोत चढताना अख्खा गाव बघेल. मग सगळेच आपली गुरं हलवतील, भीती पसरेल, आणि त्या भीतीनं उरलेलं पाणी चार दिवसांत संपेल. 'ने' म्हणायचं तर फळा पुसावा लागेल. त्यांनी इरम्माच्या तोंडाकडं बघितलंच नाही, फळ्याकडं बघितलं.

"पुरेल," ते म्हणाले. "काळजी करू नकोस."

"तुमी म्हनताव म्हनल्यावर झालं," इरम्मा म्हणाली आणि हलक्या पायानं माघारी गेली. टेम्पो एका म्हशीची जागा रिकामी ठेवून निघून गेला.

मेच्या दुसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मग अख्खं गाव तलावाकडं लोटलं. मधोमध हिरवट चिखलाचा एक पट्टा, बाकी सगळी भेगाळलेली जमीन. आणि त्या जमिनीवर, इतके महिने पाण्याखाली दडलेले काळे पाइप उघडे पडले होते. वरच्या अकरा मोटारी सगळ्यांना माहीत होत्या. हे त्यांच्याशिवायचे. नऊ पाइप, नवांच्या टोकाला नऊ पाणबुडी मोटारी, गाळात आडव्या पडलेल्या. एक तास संपला की वरची मोटार बंद व्हायची, ती खालची सुरू करण्यासाठीच.

सगळ्यात लांब, थेट तलावाच्या तळापर्यंत गेलेला पाइप हिंमतरावांच्या बागेकडून आला होता.

हिंमतराव तिथंच होते. गुडघाभर गाळात उभं राहून ते पाइप ओढून काढायचा प्रयत्न करत होते. सत्तरीचा माणूस, पाइप हलत नव्हता, तरी ओढत होते. गुरुजी काठावरून खाली उतरले.

"आबा, तुम्ही? तुमचा सगळ्यांत लांब? कधी टाकला हा?"

"सभेच्या दुसऱ्या दिसी," हिंमतराव म्हणाले. त्यांनी पाइप सोडला नाही. "जो तो टाकनार, ह्ये मला ठावं व्हतं. मंग मागं कशाला ऱ्हावा, म्हनून म्याच पैला टाकला. माझा बगून बाकीच्यांनी टाकले."

"मी तुमच्यावर विश्वास ठेवला होता!"

"कशाला ठिवला?" हिंमतराव एकदम ओरडले. इतकी वर्षं वाद घालूनही गुरुजींवर ते कधी ओरडले नव्हते. "भर सभेत हात जोडून सांगितलं न्हाय का म्या, की माझी तोडा? म्या सोताला वळखून सांगत व्हतो. तुमाला माझ्यापरीस माझी जास्त म्हायती? तुमी इस्वास ठिवलात, टाळ्या घितल्या, आन माझ्या हातात माझाच कासरा दिऊन मोकळे झालात!"

गुरुजींना खूप काही बोलायचं होतं. हे पाणी उपसलं ते माझ्या विश्वासानं नाही, तुमच्या अविश्वासानं. माणूस चोरच असतो असं तुम्ही मनात धरलंत म्हणून तुम्ही पहिले चोर झालात. हे सगळं खरं होतं, आणि कुठल्याही सकाळी चहासोबत त्यांनी ते ठणकावून सांगितलं असतं. पण शेजारी त्यांची फूट-इंचांची पट्टी कोरड्या जमिनीत उभी होती, आणि आदल्या दिवशी त्यांनी फळ्यावर तीन फूट दोन इंच लिहिलं होतं. ते माघारी वळले.

टँकर मागायला सरपंच तालुक्याला गेले. तिथं त्यांना गुरुजींच्या सुंदर अक्षरातला कागद दाखवण्यात आला. नवीन पाहणी, नवा प्रस्ताव, नवी यादी. कुणाची अडवणूक नव्हती, कागदच तसा होता. पहिला टँकर यायला एकोणीस दिवस लागले. तोवर लोकांनी चार मैलांवरून गाडीवर कॅन आणले. ज्यांच्याकडं गाडी नव्हती त्यांनी डोक्यावर आणलं.

डोक्यावरची एक घागर माणसाला पुरते, म्हशीला पुरत नाही. इरम्मा दिवसाला तीन खेपा करायची आणि तिन्ही म्हशीपुढं ठेवायची. विरुपाक्षला तिनं फोन लावला, तो निघालोच म्हणाला. तो यायच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, म्हैस बसली ती उठेना.

गुरुजींना कळलं तसे त्यांनी चादर ओढून काढली, दोन मोठे कॅन भरले, सायकलला दोन्हीकडं बांधले आणि चालत सुटले. सायकल हातात धरून, त्या उन्हात. पोचले तेव्हा म्हशीचे डोळे उघडे होते, पण पाण्याचं घमेलं तोंडाशी नेलं तरी तिनं मान उचलली नाही. इरम्मानं ओंजळीनं तिच्या जिभेवर पाणी सोडलं, ते बाजूनं ओघळून गेलं. म्हशीच्या पोटात काहीतरी हललं, मग तेही थांबलं. इरम्मा बराच वेळ तिच्या पोटावर हात ठेवून बसली.

मग तिनं कॅनकडं बघितलं. "एवढं पानी कुठनं आणलाव गुरुजी? शामलाआक्काला ठिवलाव का न्हाय काय?"

गुरुजी तिच्यासमोर जमिनीवर बसले. म्हणाले, "इरम्मा, फळ्यावरचा आकडा खोटा होता. तू विचारायला आलीस त्या दिवशी तलावात तीन फूटसुद्धा नव्हतं. मला माहीत होतं. मी तुला खोटं सांगितलं."

इरम्मानं पदरानं तोंड पुसलं. ती त्यांच्याकडं बघत राहिली, एखाद्या आजारी माणसाकडं बघावं तशी.

"तुमी कशाला खोटं बोलताव," ती म्हणाली. "म्हशीमुळं जिवाला लागलंय तुमच्या, म्हनून असं बोलालाव. माझंच नशीब खोटं निगालं."

गुरुजींनी पुन्हा सांगितलं. तिनं पुन्हा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा सांगायचं बळ त्यांच्यात राहिलं नाही. तिला शिव्या देता आल्या असत्या तर किती बरं झालं असतं, असं मनात म्हणत ते पाणी तिच्या रांजणात ओतून रिकाम्या कॅनांसह घरी आले, आणि पडवीत ड्रमांना पाठ लावून बसले. शामलाबाईंनी जेवायला बोलावलं नाही. त्याही जेवल्या नाहीत.

चार दिवसांनी सकाळी हिंमतराव आले. हॉटेलात दोघंही जात नव्हते. गुरुजींच्या घरी ते कित्येक महिन्यांत आले नव्हते, आणि त्या उंबऱ्यावर आता ते अंग चोरून उभे होते. सरपंच असताना तहसीलच्या पायऱ्या दणादणा चढणारा माणूस.

"वैनी, गुरुजी हायेत का?"

गुरुजी पडवीतच होते. हिंमतराव त्यांच्यासमोर खाली बसले, पाय मुडपून.

"माझ्या गोठ्यातली एक म्हस काल इरम्माच्या दारात बांधून आलो," ते म्हणाले. "सकाळी तिनं परत आणून सोडली. म्हनली, आबा, हिला पाजू काय?"

हिंमतराव थोडं पुढं सरकले.

"गुरुजी, मला बोला. चार शिव्या द्या. त्या दिसी तलावात म्या तुमच्यावरच वरडलो. चोर म्या, आन वरडलोबी म्याच. घरात पोराला सांगितलं, मला गुरुजींच्या पायावर डोकं ठिवायचं हाय. अख्ख्या गावात एक मानूस असा हाय की ज्याच्या मनाला असलं काय शिवलं न्हाय. त्यानं माझ्यासारख्यापायी तोंड लपवून बसावं, ह्ये मला सोसना."

ते खरोखरच वाकले. गुरुजींनी त्यांचे खांदे धरून त्यांना थांबवलं.

"आबा, माझ्या मागं बघा," गुरुजी म्हणाले.

हिंमतरावांनी बघितलं. सात ड्रम. त्यातला एकच अर्धा झालेला, बाकीचे झाकणाला टेकलेले. गाव चार मैलांवरून पाणी आणत होतं.

"हे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात भरले," गुरुजी म्हणाले. "फळ्यावर चार फूट दहा इंच लिहून घरी आलो आणि भरायला सांगितले. मला खरा आकडा माहीत होता. मार्चपासून रोज खोटा लिहीत होतो. लोक चांगले आहेत, फक्त घाबरलेत, असं स्वतःला सांगत होतो. आणि त्या चांगल्या लोकांवर माझा इतका विश्वास होता की घरात पाणी साठवून वर चादर टाकली. इरम्माला टेम्पोत म्हैस चढवू दिली नाही ती मीच. तिला सांगितलं तर ती मानत नाही. तुम्ही तरी माना."

हिंमतराव ड्रमांकडं बघत राहिले. गुरुजी वाट बघत होते. इतक्या वर्षांच्या वादात हिंमतराव आज पहिल्यांदा पुरते जिंकले होते, आता ते हसतील, मांडीवर थाप मारतील, 'आता पटलं का?' म्हणतील, असं गुरुजींना वाटलं. त्यांनी ते सोसलं असतं. त्यांना तेच हवं होतं.

हिंमतरावांचा चेहरा हळूहळू ओढत गेला. त्यांनी हात लांब करून एका ड्रमाचं झाकण उचललं, आत बघितलं, तसंच परत लावलं. मग ते रडायला लागले. आवाज न करता, डोळे न पुसता.

"आबा," गुरुजी म्हणाले.

"म्या रोज तुमच्याशी भांडायला यायचो," हिंमतराव म्हणाले. "तुमाला वाटलं आसंल, जिकायला येत व्हतो. गुरुजी, एक दिस तरी हरावं म्हनून येत व्हतो म्या."

ते भिंतीला धरून उठले. गुरुजींनी आधाराला हात पुढं केला. हिंमतरावांनी तो बघितला, पण धरला नाही.